एक अंशाचं तेल

४ नोव्हेंबर

लिही, वांदा. डॉक्टरीणबाई म्हणाली, रोज काय घडलं ते कुणाला तरी सांगत जा, म्हणजे विसरभोळेपणा वाढणार नाही. मी म्हटलं, आमच्या गावात सांगणाऱ्यांची कमी नाही, ऐकणाऱ्यांची आहे. म्हणून माझी नात वांदा हे लिहून घेणार. मला अक्षर येत नाही. शाळेच्या वयात मी दुसऱ्यांची डुकरं राखत होते. डुकरांनी पुष्कळ शिकवलं, पण लिहायला नाही शिकवलं.

वांदा माझ्या मुलीची मुलगी. मुलगी लक्झेंबर्गला लोकांच्या घरी काम करते, आणि वांदा लिस्बनला कॉम्प्युटरचं काम करायची. वसंतात परत आली. ती म्हणते कंपनीने माणसं कमी केली. कमी केलेल्या माणसांत आपण होतो हे ती म्हणत नाही, ते मी म्हणते. (डोळे वटारू नकोस, लिही.) आता आमच्या तेलघाण्याच्या सोसायटीने तिला काम दिलंय. कुणाचे ऑलिव्ह आले, तेल कसं निघालं, कुठल्या टाकीत गेलं, हे आजवर ऑफिसातली ओदेत हाताने लिहायची. ते सगळं आता वांदाच्या यंत्रात जाणार. कुठलं तेल चांगल्या टाकीत आणि कुठलं दुसऱ्या, हेही यंत्रच ठरवणार. चांगल्या टाकीतलं तेल गावाच्या नावाने बाटलीत जातं. दुसऱ्या टाकीतलं टँकर येऊन कारखान्यात नेतो, तिथे त्याचा वास आणि रंग काढून टाकतात. म्हणजे त्याचं नावच काढून टाकतात.

आज कोथिंबीर निवडताना ती मला विचारत होती, आजी, तेलाचा आंबटपणा तुम्ही कशात मोजता? मी म्हटलं, अंशात. एक अंशाचं तेल, दोन अंशाचं, पाच अंशाचं झालं की दिव्यात घालायचं. एकाच्या आत असेल ते चांगलं. अर्धा अंश, पाऊण अंश असं काही असतं का, म्हणाली. मी म्हटलं, तेल आहे की तापलेलं पोर? माझ्या सासऱ्यांपासून आम्ही एक, दोन, तीन म्हणत आलोय. तिने मान हलवली आणि यंत्रात काहीतरी टाइप केलं. म्हातारीला कुणी विचारलं की म्हातारीला बरं वाटतं. हेही लिही.

११ नोव्हेंबर

संत मार्तीनचा दिवस. चेस्टनट भाजले, नवी वाइन फोडली. माझा मुलगा एल्देर सेतुबालहून आला. वाइन प्यायला आला असं तो म्हणाला. मी त्याची आई आहे, तो कशाला आला ते मला ठाऊक.

आमच्या झाडांच्या चहूकडे आता जमिनी भाड्याने घेणाऱ्या एका मोठ्या कंपनीचे ऑलिव्ह आहेत. झाडं कसली, कुंपणच ते. गुडघ्यापासून खांद्यापर्यंत, एकाला एक खेटून, वरून मशीन चालवलं की फळं खाली. मध्ये आमची जुनी, गालेगा जातीची ऑलिव्हची झाडं, तोंडात एकच खरा दात राहावा तशी. कंपनीला तो दात काढायचाय. गेल्या साली माझं मनगट मोडलं, तोडणी उशिरा झाली, तेल दुसऱ्या टाकीत गेलं. तेव्हापासून एल्देर म्हणतो, आई, या झाडांत आता काही राहिलं नाही, जमीन भाड्याने देऊ. भाड्याने म्हणजे आधी झाडं उपटणार.

आज चेस्टनट सोलता सोलता आमचा सौदा झाला. या वर्षी तेल चांगल्या टाकीत गेलं तर तो माझ्या जिवंतपणी हा विषय काढणार नाही. दुसऱ्या टाकीत गेलं तर मी कागदावर अंगठा देणार. मी लगेच हो म्हटलं. तो जरा चपापला, त्याला वाटलं होतं मी रडेन. माझ्या नवऱ्याने, आवेलिनुने, ती झाडं चाळीस वर्षं छाटली. त्यांचं तेल कसं निघतं हे मला त्या झाडांहून जास्त माहीत आहे.

१९ नोव्हेंबर

आज घाण्यावर माझी पाळी होती. लिही नीट, आज मी खूश आहे.

घाण्याचा झासिंतु मिस्त्री म्हणजे माझ्या वयाचा माणूस. लहानपणी नदीत एकत्र डुंबलो आम्ही. पुढे त्याने मला मागणी घातली आणि मी आवेलिनुला होकार दिला, कारण आवेलिनु कमी बोलायचा. झासिंतुने ते कधीच मनावर घेतलं नाही, असं मी आजवर समजत आले.

आमच्याकडे घाण्यावर ज्याचं तेल निघतं त्याला मिस्त्री पहिल्या धारेचं तेल पावावर घालून देतो. ऑलिव्हच्या बियांच्या निखाऱ्यावर पाव भाजतो, लसूण चोळतो, वरून तेल, चिमूट मीठ. हातावर ठेवतो. तेल बिघडलेलं असेल तर तसं तोंडाने म्हणत नाही. म्हणतो, पाव संपला. मग टोपलीत पाच पाव डोळ्यांना दिसत असले तरी माणूस मान खाली घालून घरी जातो. गेल्या साली मला म्हणाला होता, पाव संपला, उंबेलिना. तेव्हा मी त्याच्यावर रागावले नाही, कारण खरं होतं.

आज मात्र तो त्याच्या छोट्या खोलीतून आला. तिथे तो आंबटपणा मोजायला काचेच्या नळीतून तेलात औषध थेंब थेंब टाकत बसतो, तेल गुलाबी होईस्तोवर. बाहेर आला आणि गावठी पावाची ही एवढी जाड फोड भाजली. माझ्या हातावर ठेवली. वर म्हणाला, आवेलिनु असता तर त्यालाही दिली असती, पण त्याच्या वाटची मीच खातो. आणि खाल्ली. तेल हिरवं, घशात जरासं झोंबणारं, पाठीमागून कडवट. मला खोकला आला आणि सगळे हसले. खोकला आला म्हणजे तेल चांगलं.

रिवाजाप्रमाणे एक मोठी बाटली भरून घरी आणली. बाकीचं त्यांच्या भांड्यात बसलंय, यंत्र सांगेल त्या टाकीत जाईल. वांदा मला मोटारीतून घरी घेऊन आली. मी वाटभर गात होते असं ती म्हणते. मला आठवत नाही. ते डॉक्टरीणबाईला सांगू नकोस.

२१ नोव्हेंबर

एक अंश. दुसरी टाकी.

ओदेत चिठ्ठी घेऊन दारात आली आणि वाचून दाखवली. मी म्हटलं परत वाच. परत तेच. म्हणाली, मावशी, यंत्रात असंच आहे, मी काय करू, यंदा माशीने सगळीकडेच नासवलंय. जुन्या झाडांवाले बहुतेक सगळे दुसऱ्या टाकीत आहेत. कंपनीवाल्यांचं तेवढं शून्य. शून्य म्हणजे निर्मळ.

माझ्या ऑलिव्हांना माशी नव्हती. एकेक फळ मी हाताने पाहिलंय.

मग पाव का दिला त्याने?

२४ नोव्हेंबर

आज रविवार. मिस्सा संपली तशी मी सरळ घाण्यावर गेले. वांदा नको नको म्हणत होती, ती मोटारीतच बसून राहिली. घाण्यावर बरीच माणसं होती. झासिंतुने मला पाहिलं आणि पाव भाजायला घेतला, नेहमीसारखा. पाहुण्याला देतात तो. माझ्यापुढे धरला.

मी हात मागे घेतला. सगळ्यांसमोर. आमच्या गावात आजवर कुणी मिस्त्रीचा पाव नाकारला नव्हता. मी म्हटलं, परवा हाच पाव दिलास आणि पाठीमागून एक अंश लिहिलास. तोंडावर गोड नि यंत्रात कडू. येशूच्या शिष्याने चुंबन देऊन विकलं, तू पाव देऊन विकलंस. आणखीही म्हटलं. ढोंगी म्हटलं, बोकडतोंड्या म्हटलं, कंपनीचं मीठ खाल्लंय म्हटलं. पन्नास वर्षांपूर्वीच्या नकाराचा सूड आता झाडांवर उगवतोस, हेही म्हटलं. ते म्हणायला नको होतं असं नाही, पण त्याच्या सुनेसमोर नको होतं.

तो म्हणाला, "उंबेलिना, मी शून्य पूर्णांक सहा पाहिलं. सहा दशांश. तेच टाइप केलं, माझ्या या बोटाने."

ओदेत मधे पडली आणि म्हणाली, मिस्त्री, यंत्रात एक आहे. त्याने आपल्या बोटाकडे पाहिलं. मग म्हणाला, त्या दिवशी बऱ्याच जणांचं मोजलं, माझे डोळे आता पूर्वीचे नाहीत, कुणाचं कुणाला लावलं असेल. म्हणजे आता डोळ्यांवर ढकलतो. खोटारड्याला चष्मा बरा सापडतो.

वांदा मला आत्ता थांबवून विचारते आहे, काय म्हणाला तो, पुन्हा सांग. शून्य पूर्णांक सहा. पुन्हा विचारते आहे, नक्की? अगं, माझं डोकं गंजलंय, कान नाहीत. आता ती उठून चुलीशी गेली आहे. कॉफी नको म्हटलं तरी कॉफी करते आहे.

२७ नोव्हेंबर

दोन दिवस लिहिलं नाही. वांदा त्या यंत्रासमोरून हलत नाही. विचारलं तर म्हणते, काही नाही, दुरुस्ती चालली आहे. ज्या कामात काही नाही त्यात एवढं काय दुरुस्त करायचं?

आज ती बेजा शहराला गेली. माझ्या मोठ्या बाटलीतून औषधाच्या छोट्या बाटलीत तेल भरून नेलं. म्हणाली, तिकडे एक मैत्रीण प्रयोगशाळेत काम करते, तिला घरचं तेल आवडतं. मी म्हटलं, एवढ्याशा तेलात तिचं सॅलडचं एक पानही भिजणार नाही, मोठी बाटली ने. नको म्हणाली. संध्याकाळी आली ती न जेवताच झोपली. मैत्रिणीशी भांडली असणार. हल्लीच्या मैत्र्या तेवढ्याच टिकतात.

२ डिसेंबर

ओदेत वाटेत भेटली. म्हणाली, तुमच्या नातीने यंत्र आणखी बारीक केलंय, आता दशांशही दिसतात. मी म्हटलं, मग माझं बघ. तिने तिथेच आपल्या फोनवर पाहिलं. एक पूर्णांक शून्य.

आधी नुसतं एक म्हणत होते. आता एक पूर्णांक शून्य. म्हणजे केसभरही इकडे-तिकडे नाही. परवापर्यंत मला वाटत होतं, कुठेतरी थोडी गफलत असेल, झासिंतु म्हणतो तसं असेलही. आता ती फट पण बुजली. एवढं बारीक मोजलेलं कसं खोटं असेल?

घरी येऊन वांदाला सांगितलं. पिठासारखी पांढरी झाली पोर. मी म्हटलं, तुझं काय गं जातंय, तुझं यंत्र तर चोख चाललंय. त्यावर रडायला लागली. मला वाटलं, माझ्या झाडांसाठी रडते आहे. मी तिची समजूत घातली. उलटा न्याय, पण असो.

८ डिसेंबर

एल्देर कागद घेऊन आला. म्हणाला, आई, आपलं ठरलं होतं. ठरलं होतंच. हा नुसता कबुलीचा कागद, खरा अंगठा जानेवारीत बेजाला नोटरीसमोर द्यायचा.

कागद वाचून दाखवायला हवा होता. एल्देर म्हणाला मी वाचतो. मी म्हटलं, तू नाही, तुझा त्यात स्वार्थ आहे. वांदा वाचेल. या घरात मला वाचून दाखवणारी तीच. वांदाने वाचला. झाडं मुळासकट काढण्याच्या ओळीवर ती अडखळली. मी म्हटलं, पाणी पी आणि वाच. तिने वाचलं. मग माझा अंगठा शाईत बुडवून तिनेच जागेवर ठेवला, कारण जागा कुठे ते मला काय कळणार. तिचा हात माझ्या हातापेक्षा गार होता.

एल्देरने मग स्वयंपाकघरात पाव, लसूण, कोथिंबीर, अंडं घालून आसोर्दा खाल्ला, माझ्याच तेलात. म्हणाला, आई, तेल तर चांगलं लागतंय. मी म्हटलं, जिभेला काय कळतं, यंत्राला विचार.

१५ डिसेंबर

आज बातमी आली की झासिंतु घाणा सोडतोय. नाताळापर्यंतच. त्याने सोसायटीला सांगितलं, माझ्या डोळ्यांना सहा दशांश दिसतं आणि असतं एक, असा माणूस लोकांच्या तेलाला हात लावायला नको. किल्ली ओदेतच्या टेबलावर ठेवली म्हणे.

मी वांदाला लिहायला सांगितलं: बरं झालं, गेला ढोंगी. तिने लिहिलं. लिहून झाल्यावर यंत्र बंद केलं. ती पुढे जे बोलली ते मी आता तिलाच लिहायला लावते आहे. तिला नको आहे. नको असलं तरी लिही.

ती म्हणाली, "आजी, मिस्त्रीने सहाच लिहिलं होतं. ते मी बदललं."

मला वाटलं, हिने हाताने पुसलं. तसं नाही. ती म्हणाली, यंत्रात प्रत्येक गोष्टीला एक रकाना असतो आणि रकान्याला साचा असतो. नावाच्या रकान्यात अक्षरं, तारखेच्या रकान्यात तारीख. आंबटपणाच्या रकान्याला तिने पूर्ण आकड्याचा साचा दिला. एक, दोन, तीन. मिस्त्रीने शून्य पूर्णांक सहा घातलं, रकान्याने ते जवळच्या पूर्ण आकड्याकडे ढकललं आणि एक करून ठेवलं.

मी म्हटलं, चीज साच्यात दाबतो तेव्हा जास्तीचं बाहेर येतं, दिसतं, ते आपण डुकराला घालतो. तुझ्या साच्यातलं कुठे गेलं? म्हणाली, कुठेच नाही, आजी. राहतच नाही. म्हणून मागाहून तिने रकान्याचा साचा बदलला, दशांश मावतील असा केला, तरी आधीचं परत आलं नाही. एक होतं ते एक पूर्णांक शून्य झालं.

मी विचारलं, मग ते यंत्र ओरडलं का नाही? म्हणाली, आकड्याच्या रकान्यात "बरं" किंवा "वाईट" असा शब्द घातला तर ते अडवतं, घेतच नाही. पण आकडा घातला तर त्याला आपलाच वाटतो, न बोलता साच्यात बसवतं. म्हणजे परका आला तर दारात हटकायचं, आणि घरचा आला तर त्याचे हातपाय सारखे करून आत घ्यायचा, तोंडातून शब्द न काढता.

ज्यांचं चार दशांश होतं त्यांचं शून्य झालं. माझं सहा होतं म्हणून एक. निम्म्याच्या खाली ते संत, वर ते पापी. आमचा पाद्रीसुद्धा एवढ्या स्वस्तात निकाल लावत नाही.

मग मी खरा प्रश्न विचारला. तुला कधीपासून माहीत आहे? ती म्हणाली, चोवीस तारखेपासून. तू मिस्त्रीचं बोलणं सांगितलंस तेव्हा. बेजाला तेल तपासून आणलं, सहाच निघालं.

म्हणजे कॉफी तेव्हाची. बेजाची मैत्रीण तेव्हाची. आणि आठ तारखेला तिने मला माझ्या झाडांचं मरण वाचून दाखवलं, आणि तिला माहीत होतं. माझा अंगठा धरला, आणि तिला माहीत होतं.

ती म्हणाली, लिस्बनहून काढून टाकल्यावर हे पहिलं काम, शेजारच्या दोन सोसायट्याही घेणार होत्या, सगळं गाव माझं नाव घेत होतं, आज सांगते, उद्या सांगते असं झालं. शिवाय झाडं मामा कधी ना कधी देणारच होता.

झासिंतुला मी चोर समजले तेव्हा मला इतकं वाईट नव्हतं वाटलं. चोर परका होता.

आता जा. पुढचं मी तुला सांगणार नाही.

२९ डिसेंबर

इतके दिवस काही सांगितलं नाही. नाताळचा बाकल्याव मासा खारट झाला, एवढंच. आज परत बसले, कारण न सांगितलेलं पोटात गोळा होऊन बसतं आणि या वयात पोटाचं काही खरं नाही.

वांदाने स्वतः सोसायटीत जाऊन सांगितलं. तिला मी पाठवलं नव्हतं. सगळ्यांसमोर उभी राहिली म्हणे, ओदेत सांगत होती. दुसऱ्या टाकीतलं तेल टँकरने कधीच गेलंय, ते कुणाला परत मिळणार नाही. वांदाचं काम काढून घेतलं. शेजारच्या सोसायट्यांनीही नको म्हटलं.

मी माझी मोठी बाटली कडेवरच्या पोरासारखी घाण्यावर नेली. झासिंतुला बोलावून घेतलं होतं. तो आला, पण मोजायला तयार होईना, म्हणाला, माझे डोळे. शेवटी म्हणाला, थेंब मी टाकतो, आकडा ओदेत वाचेल. गुलाबी झालं. ओदेतने वाचलं. सहा. त्याने चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि नळीकडे परत पाहिलं. त्याची किल्ली त्याला परत दिली. त्याने मला पाव दिला नाही. मी मागितला नाही. टोपलीत पाव होते.

एल्देरला फोन केला. म्हणाला, आई, वाईट झालं, पण कागदावर तुझा अंगठा आहे.

८ जानेवारी

बेजा. नोटरीची खोली, खुर्ची इतकी मऊ की उठायला माणूस लागावा. कंपनीचा माणूस, एल्देर, मी. वांदा दाराशी उभी. माझ्यासारख्या अक्षर न येणाऱ्यांना कागद वाचून दाखवायचा असा कायदा आहे. नोटरीबाईने विचारलं, तुमची नात वाचेल का? मी म्हटलं, तिने एकदा वाचलाय. छान वाचते. आज तुम्ही वाचा.

नोटरीबाईने वाचला. मग विचारलं, हे तुम्ही स्वखुशीने देताय ना? मी म्हटलं, नाही. पहिला अंगठा मी तेल वाईट निघालं असं समजून दिला होता. तेल चांगलं निघालं. मुलाशी माझा सौदा तेलावर होता, हे त्यालाही ठाऊक आहे. विचारा.

सगळ्यांनी एल्देरकडे पाहिलं. त्याच्या मनात असतं तर तो काहीही म्हणू शकला असता. संत मार्तीनच्या दिवशी चेस्टनटच्या टरफलांशिवाय साक्षीला कुणी नव्हतं. त्याने आपल्या बुटांकडे पाहिलं आणि म्हणाला, हो, तेलावरच होता. अंगठा मी खिशात ठेवला. जाताना तो म्हणाला, आई, जेवायला कुठे जायचं? त्याच्याकडून एवढंच, पण ते खरं होतं.

१० जानेवारी

काल वांदाला सांगितलं, आजवर मी जे बोलले ते सगळं कागदावर काढून दे. तिने दिलं. मी ते घाण्यावर झासिंतुकडे नेलं. हंगाम संपलाय, पण निखारे अजून होते. म्हटलं, वाच. आजवर हिने काय लिहिलं ते मी कधी वाचून घेतलं नाही. तोंडाने खोटी वागली, लिहिण्यातही वागली असेल तर कळू दे. माझ्या शब्दांनाही हिने कुठला साचा लावला की काय, ते बघू.

झासिंतु वाचू लागला. त्याचं वाचणं म्हणजे चढावरची गाढवगाडी, पण थांबत नाही. मी कान देऊन होते. सगळं माझंच होतं. डुकरं माझी, लिस्बनचा टोमणा माझा, ती पांढरी पडल्याचं, रडल्याचं, सगळं. स्वतःवरची एक ओळही तिने गाळली नव्हती. दिवसाढवळ्या लपवत होती आणि त्याच हाताने लपवल्याचं टाइप करत होती.

पहिल्या दिवशीच्या पानावर एक जागा आली. एक अंश, दोन अंश, तेल आहे की तापलेलं पोर. झासिंतुने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर काही नव्हतं. मी म्हटलं, पुढे वाच.

मग चोवीस तारीख आली. तो वाचत गेला. पाव देऊन विकलंस. ढोंगी. बोकडतोंड्या. पन्नास वर्षांचा सूड. खोटारड्याला चष्मा बरा सापडतो. स्वतःच्या आवाजात, न अडखळता, जसं घाण्यावरचा भाव वाचतात तसं. माझ्या शिव्या मला त्याच्या तोंडून ऐकाव्या लागल्या. माझ्या तोंडून त्या इतक्या वाईट वाटल्या नव्हत्या.

पान संपलं. त्याने विचारलं, "बोकडतोंड्या हा तुझाच शब्द, की नातीचा?"

मी म्हटलं, माझा.

तो उठला. टोपलीतून पाव काढला, फोड कापली, निखाऱ्यावर धरली. लसूण चोळला. माझ्या बाटलीतलं तेल घातलं, चिमूट मीठ. माझ्यापुढे धरला. मी घेतला. खोकला आला. तो हसला नाही, पण त्याच्या वाटची फोड त्यानेही भाजली. तिसरी भाजून कागदात बांधून दिली. म्हणाला, घरी आहे तिला.

मी ती आणून वांदाच्या यंत्राशेजारी ठेवली आहे. अजून तिने खाल्ली नाही, गार होते आहे. मी काही म्हणणार नाही.

एवढंच. लिहिलंस? मग आता वाचून दाखव.